दावणीवरचे झेंडापंच

झेंडापंचांनी मला पाठवलेला पहिला निरोप असा होता: "विषय चुकला. उचलला." त्या दिवशी सकाळी माझ्या भावाने आमच्या बैलाला, पाखऱ्याला, धुऊन उन्हात उभं केलं होतं. ओली पाठ चमकत होती, शिंगांना तेल लावलेलं होतं. मी फोटो काढला आणि हौसेने ग्रुपवर टाकला. चहा ठेवून परत आले तर फोटो गायब आणि त्या जागी हा निरोप. नमस्कार नाही, ताई नाही, साधं 'कृपया'सुद्धा नाही. आमच्या कन्हेरीत कुत्र्याला हाकलायचं तरी माणसं आधी 'हाड' म्हणतात.

त्या ग्रुपचं नाव 'दावण'. बैलगाडा शर्यतीच्या शौकिनांचा तो मोबाईलवरचा अड्डा. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली माणसं त्यात ठासून भरलेली, पुढे फलटण-माळशिरसकडचीही आली. ग्रुपच्या आत प्रत्येक विषयाची चर्चा वेगळी उघडायची सोय होती. अशा एकेका चर्चेला आम्ही 'दावं' म्हणायचो. दावी कशी पाडायची यावर झेंडापंचांचा एकच कायदा होता. मैदान ठरलं की त्या मैदानाच्या नावाने दावं उघडायचं, तिथे त्याच शर्यतीचं बोलायचं आणि निकाल लागून गेला की ते बंद. कुठल्याही बैलाच्या नावाचं दावं मिळणार नाही. मग तो बैल कितीही मैदानं मारून आलेला असो.

झेंडापंच हे त्यांनी स्वतःच घेतलेलं नाव. शर्यत सोडताना निशाण खाली टाकतो तो झेंडापंच. त्यांच्या नावापुढे लाल निशाणाचं चित्र होतं आणि चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. कुणी म्हणायचं निवृत्त फौजदार असणार, कुणी म्हणायचं शाळेतला ड्रिलमास्तर. प्रत्यक्षात त्यांचं इंदापुरात खत-बियाण्याचं दुकान होतं, आणि खरं निशाण त्यांनी उभ्या आयुष्यात हातात धरलं नव्हतं. ग्रुपवर ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. सणसरकर, भिगवणकर, काटेवाडीकर. मी कन्हेरीकर. मी मनातल्या मनात त्यांना कायम अरेतुरेच केलं. लिहायला बसल्यावर मात्र हात धजत नाही.

"आरती घरी करा, हितं पळण्याचं बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी आपल्या बैलाचा वाढदिवस घातला, कुणी गाणं जोडून त्याची चित्रफीत टाकली, की हे वाक्य यायचं आणि मजकूर जायचा. माणसं चिडायची. एकाने त्यांना लिहिलं, "तुम्हाला बैलांचं प्रेम नाही का?" त्यावर उत्तर आलं, "हाय. म्हणून तुमाला ते करून देत न्हाय." याचा अर्थ काय, यावर दोन दिवस वाद चालला. मग तो वादही उचलला गेला.

माझं आणि त्यांचं खरं बिनसलं ते एका घाणेरड्या कमेंटवरून. मी एमआयडीसीत दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी भावाबरोबर मैदानाला जाते, आणि कोणता बैल कुठे कमी पडला ते मला दिसतं. एका निकालानंतर मी तसं लिहिलं. खाली एका माणसाने लिहिलं की बाईमाणसाने बैलाच्या पायाकडे बघण्यापेक्षा तव्यावरच्या भाकरीकडे बघावं. पुढे आणखी एक ओळ होती, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मीही गप्प बसणारी नव्हे. त्याच्या आईने त्याला काय शिकवलं असेल याबद्दल मी चार वाक्यं लिहिली आणि ती चांगली झणझणीत झाली. थोड्या वेळाने त्याचं लिहिलेलं गेलं, माझंही गेलं, आणि आम्हा दोघांनाही ग्रुपवर बोलायला बंदी झाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुढच्या सुट्टीला मी स्कूटर काढली आणि तडक इंदापूर गाठलं. दुकानाचा पत्ता भिगवणच्या एका शौकिनाकडून मिळवला होता. गल्ल्यामागे एक उंच, हडकुळा, साठीतला माणूस चष्मा कपाळावर चढवून पोत्यावरचा मजकूर वाचत होता.

"झेंडापंच तुम्हीच का?" मी विचारलं.

"कन्हेरीकर," ते मान वर न करता म्हणाले. "आवाजावरनंच वाटलं."

"माझा आवाज तुम्ही कधी ऐकलाय?"

"तुमी लिवता तसाच हाय."

मी म्हणाले, "त्याने घाण लिहिली, ती तुम्ही काढली, ठीक. माझं उत्तर का काढलं?"

"प्रश्न गेल्यावर उत्तर ठेवून काय करू? नंतर येणाऱ्याला वाटंल तुमीच सुरुवात केली."

"आणि बंदी?"

"त्यो तुमाला बोलला. तुमी त्याच्या आयशीला. ती माउली ग्रुपवर हाय का?"

"सुरुवात त्याची होती, आबा."

"व्हय. म्हणून त्याला कायमचा काढला. तुमी पंधरवड्यानं या." एवढं बोलून त्यांनी पोतं बाजूला सरकवलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, काय पायजे?"

मी तिथून निघाले ती त्यांना शिव्या घालतच. मग काही महिन्यांनी एका मैदानावर त्यांच्याच गावच्या एका बाईकडून कळलं की मला ती घाण लिहिणारा माणूस त्यांचा सख्खा जावई होता. सासऱ्याने चारचौघांत हाकलल्याचा राग त्याने घरात काढला. मुलगी दिवाळीला माहेरी आली नाही. झेंडापंचांच्या बायकोने फराळाचे डबे भरून ठेवले होते, ते शेजारी वाटले. हे ऐकून माझा राग गेला, असं मात्र नाही. उलट वाढलाच. हे सगळं त्या दिवशी गल्ल्यामागून एका शब्दाने सांगता आलं असतं आणि मी निदान शिव्या घालत तरी गेले नसते. पण कुणाला आपल्याबद्दल बरं वाटावं याची त्यांना गरजच नव्हती, आणि अशा माणसाशी भांडणं फार अवघड जातं.

पुढे ग्रुप बेसुमार वाढला. मैदानांची दावी उघडायची, बंद व्हायची आणि खाली ढकलली जायची. एखाद्या बैलाने गेल्या वर्षी कुठे कुठे पळून काय केलं हे शोधायचं तर दहा दावी उपसावी लागत. नवी माणसं बिचारी विचारत राहायची, की अमक्याचं कुठे बोलायचं? त्यांना उत्तर मिळायचं, "मैदान ठरू द्या." म्हणून आम्ही काही जणांनी मागणी लावून धरली की प्रत्येक नावाजलेल्या बैलाला त्याचं स्वतःचं दावं द्या. त्यात त्याचे फोटो, त्याचा इतिहास, त्याची माणसं. आणि त्या दाव्यावर त्या बैलाच्या शौकिनांनी निवडलेले राखणदार असावेत. काय ठेवायचं, काय काढायचं ते तेच ठरवतील. मागणी मी लिहिली होती. ती वाजवी होती असं मला आजही वाटतं.

बारामतीत एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात ग्रुप चालवणारे पाच-सहा जण आणि आम्ही मागणीवाले असे बसलो. झेंडापंच इंदापूरहून एसटीने आले होते. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बैलाला घर दिलं की घराला कुंपण येतं. कुंपण आलं की त्याला काटं लागत्यात. मैदानात सगळ्यांना एकाच धुळीत उभं ऱ्हावं लागतं, तेच बरं."

मी म्हणाले, "आबा, तुमची धूळ आमच्या डोळ्यात जाते. काही दिसत नाही."

"दिसायचं ते निकालाला दिसतं."

"म्हणजे जो जिंकला नाही त्याचं काही बोलायचंच नाही?"

यावर ते माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "ह्या एका मुद्द्याला माझ्याकडं उत्तर न्हाय. मत घ्या."

ग्रुपवर मत घेतलं आणि झेंडापंच सपाटून हरले. यापुढे मैदानांची दावी बंद, फक्त बैलांची. आम्हाला वाटलं, आता रुसून निघून जातील. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः बसून सगळ्या बैलांची दावी उघडली. नावं शुद्ध लिहिली, जुने निकाल शोधून ज्याचे त्याच्या दाव्यात लावले, राखणदारांना त्यांचे अधिकार दिले. आमच्यातल्या एकालाही इतकं नीट जमलं नसतं. मी त्यांना आभाराचा निरोप पाठवला. उत्तर आलं, "मत तुमचं, काम माझं. आभार कशाला?"

सुरुवातीचे काही महिने मजेत गेले. पाखऱ्याच्या दाव्यात त्याचे वासरू असल्यापासूनचे फोटो आले, आमच्या वडिलांनी त्याला विकत आणल्याची गोष्ट भावाने लिहिली. पण मग माणसं आपापल्या दाव्यातून बाहेर पडेनाशी झाली. इंदापूर भागात दरोगा नावाचा एक काळाभोर, दांडगा बैल होता. त्याच्या दाव्यात पाखऱ्याला 'शेळी' म्हणू लागले. आमच्या दाव्यात दरोगाला त्याहून वाईट म्हणू लागले. इकडचे चोरून तिकडे जायचे, तिथल्या मजकुराचा फोटो काढून इकडे आणायचे आणि मग सगळे मिळून त्यावर तुटून पडायचे. बैल राहिले बाजूला. गावं निघाली, घराणी निघाली, बहिणी-भावजया निघाल्या.

अशातच दरोगाच्या दाव्यात एकाने लिहिलं की पाखऱ्याला शर्यतीआधी इंजेक्शन देतात. पुरावा काही नाही; 'आतल्या माणसाने सांगितलं' एवढंच. दोन दिवसांत ते सगळ्या मोबाईलवर फिरलं. मी झेंडापंचांना फोन लावला.

"ते काढा, आबा."

"मला काढता येत न्हाय. दाव्याचं राखणदार काढत्याल. तसा नियम हाय."

"राखणदार हसतायत नुसते. तुम्हाला दिसतंय हे खोटं आहे."

"दिसतंय."

"मग?"

"कन्हेरीकर, नियम तुमी लिवला. चांगल्या दिवसात तुमच्या बाजूला व्हता, आज न्हाय. मी मधी हात घातला तर उद्या माझ्याच मर्जीचा कारभार व्हईल."

मी त्यांना जे बोलले ते कुणा वडीलधाऱ्याला बोलू नये असं होतं. ते ऐकत राहिले आणि शेवटी मीच फोन आपटला. तिकडे इंदापूर तालुक्यातल्या एका मोठ्या मैदानाच्या कमिटीने भावाला कळवलं की तुमच्या बैलाबद्दल कानावर येतंय, यंदा आणू नका. एका कमिटीने नाकारलं की बाकीच्याही नाकारतात. पाखऱ्या ऐन उमेदीत होता. एवढा हंगाम गेला असता तर मैदानावरचं त्याचं नाव संपलं असतं. भाऊ गोठ्यात बसून राहायचा. जेवायला हाक मारली तर "वाढून ठेव" म्हणायचा आणि ताट तसंच राहायचं. वडील मला म्हणाले, "तुझ्या त्या मोबाईलनं बैल मारला आमचा."

मैदानाच्या दिवशी भाऊ हट्टाने पाखऱ्याला टेंपोत घालून घेऊन गेला. बरोबर मीही होते. नाव नोंदवायच्या मांडवापाशी आम्हाला अडवलं. बाचाबाची सुरू झाली, दरोगाची माणसं भोवती जमली. तेवढ्यात गर्दीतून चष्मा सावरत झेंडापंच पुढे आले. मला वाटलं, आता यांचं एक प्रवचन ऐकायचं राहिलंय.

ते कमिटीच्या अध्यक्षांना म्हणाले, "ह्यांचा बैल कशापायी थांबवला?"

"इंजेक्शनचं ऐकलंय, आबा."

"ऐकलंय व्हय? मग दरोगालाबी थांबवा. त्याच्याबद्दलबी ऐकलंय."

"कुणाकडनं?"

"मी आत्ता म्हणतोय, तुमी ऐकताय. झालं की ऐकीव. न्हायतर जनावराचं डॉक्टर तितं बसल्यात, दोन्ही बैल त्यांच्यापुढं उभं करा."

गर्दी एकदम खवळली. झेंडापंच इंदापूरचे, त्यांचं अख्खं गाव दरोगावर जीव टाकणारं, आणि हे मला त्या दिवशीच कळलं की ते स्वतः दरोगाला वासरू असल्यापासून बघत आले होते. त्यांच्याच गावच्या पोरांनी त्यांना ढकललं. चष्मा खाली पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. त्यांनी तो उचलला, काच झटकली आणि तिथेच उभे राहिले. "तपासा," एवढंच पुन्हा म्हणाले.

शेवटी दरोगाचा मालकच पुढे आला. मितभाषी, मानी माणूस होता. म्हणाला, "माझा बैल आधी बघा." डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, दोघांनाही पळायची परवानगी दिली. त्या दिवशी पाखऱ्या उपांत्य फेरीत हरला, पण हरला तो मैदानात. मी झेंडापंचांना शोधत गेले, तर ते एसटीने निघून गेलेले.

शर्यतीच्या गाडीला दोन बैल लागतात आणि ते बहुधा दोन वेगळ्या मालकांचे असतात. असे दोघांनी बैल जोडण्याला पैरा म्हणतात. त्या प्रकारानंतर दरोगाचा मालक आमच्या घरी आला, गोठ्यात जाऊन पाखऱ्याच्या मानेवर हात फिरवला आणि भावाला म्हणाला, "माणसं काय थांबत न्हाईत. आपुन पैरा करू." ठरलं. पुढच्या मैदानाला पाखऱ्या आणि दरोगा एका गाडीला.

आता ग्रुपवर प्रश्न पडला की या गाडीचं बोलायचं कुठे? पाखऱ्याचे राखणदार म्हणाले आमच्या दाव्यात, दरोगाचे म्हणाले आमच्यात. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना आत यायला बंदी घातली. नियमात मैदानाचं दावं उरलंच नव्हतं. शर्यतीच्या दिवशी पहिल्या फेरीच्या गाड्या लागल्या तरी सगळ्या ग्रुपवर चिडीचूप. आणि मग मैदानाच्या नावाने एक दावं उघडलं गेलं. उघडणारे झेंडापंच. सगळे शिव्या देत देत त्यात शिरले आणि आमची गाडी फायनलला दुसरी आली तोवर तिथेच भांडत होते.

निकाल लागल्यावर झेंडापंचांनी लिहिलं, "मला अधिकार नसताना दावं उघडलं. नियम मोडला. मला ठेवायचं का न्हाय, मत घ्या." राखणदारांना हेच हवं होतं. झेंडापंच गेले. मीही ते जावेत असंच मत दिलं होतं.

हे त्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी दुकानात गेले. चष्मा नवा होता. मी सांगितलं तसे ते म्हणाले, "बरोबर केलं. माझ्यासाठी नियम वाकवला असता तर मी तुमाला मानलं नसतं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. रिकामपण लई हाय." मग म्हणाले, "पण लेक आली परवा. जावईबी आला. त्यो बी काढलेला, मी बी काढलेला. बसलो दोघं टीव्हीवर मैदान बघत. बोलला न्हाय, पण बसला."

ग्रुपवर पुढे खूप काथ्याकूट होऊन एक तोडगा निघाला. बैलांची दावी राहिली, पण तिथे फोटो आणि इतिहास एवढंच. शर्यतीच्या दिवशी ती बंद. शर्यतीचं बोलणं मैदानाच्या दाव्यात. ग्रुप चालवणाऱ्या तिघांत आता मी आहे आणि मलाही रोज शिव्या मिळतात. झेंडापंचांना आम्ही परत बोलावलं होतं. "काढलेला माणूस परत घेता येत न्हाय, तसा नियम हाय," असं त्यांनीच आम्हाला ऐकवलं.

या उन्हाळ्यात एके दुपारी मी प्रयोगशाळेत असताना त्यांचा फोन आला. त्यांनी होऊन मला फोन करण्याची ही पहिलीच वेळ.

"दरोगा गेला," ते म्हणाले. "सकाळी. बसला तो उठलाच न्हाय."

मी हातातली दुधाची परीक्षानळी खाली ठेवली.

"मला तितं लिवता येत न्हाय. तुमी लिवा. मी सांगतो."

"तुम्हाला आत घेते आबा, आजच्यापुरतं."

"न्हाय. लिवा."

मी हातमोजे काढले आणि मोबाईल टेबलावर ठेवून लिहायला घेतलं. त्यांनी एकच ओळ सांगितली. मी ती दरोगाच्या दाव्यात घातली.

"वाचून दावा," ते म्हणाले.

मी वाचलं, "दरोगा, इंदापूर. पळाला तवा सरळ पळाला."

पलीकडे दुकानात कुणीतरी खताचा भाव विचारत होतं, पुन्हा पुन्हा विचारत होतं. मी फोन ठेवला नाही.